पोळ्याच्या दिवशी गाव घेतं सरकारची ‘झडती’! काय आहे यवतमाळची ही परंपरा?

यवतमाळ : झडती म्हटलं की पोलीस आठवतात. विदर्भात मात्र पोळ्याच्या दिवशी शेतकरीच झडती घेतो. पाटलाची, सावकाराची, आमदाराची आणि भाव न देणाऱ्या सरकारचीही.

आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले जातात. श्रावण अमावास्येला दुपारनंतर झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं असा थाट करून जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंतचा वेळ झडत्यांचा. एक जण वरच्या पट्टीत झडती टाकतो, शेवटी ‘हर हर महादेव’चा गजर होतो, की लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर येतं. याला गाणं म्हणायचं की घोषणा, हा प्रश्नच आहे.

रचना सोपी. चार-सहा ओळी, वऱ्हाडी बोली. सुरुवातीच्या ओळी केवळ यमक जुळवण्यापुरत्या, कधी अगदी निरर्थक. ऐकणारा हसायला लागला की शेवटच्या ओळीत फटका बसतो. ज्याच्यावर झडती असते तो बहुतेक वेळा समोरच उभा असतो. पण त्या दिवशी रागवायचं नसतं. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली, त्याला चारचौघांत ऐकवण्याची ही हक्काची संधी.

धार पोळ्यालाच का चढते?

उत्तर कपाशीच्या वेळापत्रकात आहे. पोळ्याच्या सुमारास झाडाला पात्या-फुलं असतात. बियाणं, खत, फवारणीवर पैसा गेलेला असतो. कापूस विकला जाणार दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे सण मोठा आणि खिसा रिकामा. त्यात बैलांचा साज घ्यायचा आणि गड्याला बोजाराही द्यायचा. २०१७ मध्ये तर याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले.

त्यामुळे विषय शोधावे लागत नाहीत. २०२५ चंच बघा. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला होता. पोळा २२ ऑगस्टला होता आणि १९ ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं. ही सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. बाहेरचा कापूस स्वस्तात येणार आणि आपला अजून शेतातच! झडतीसाठी इतका आयता मसाला क्वचितच मिळतो.

महिला कुठे आहेत?

तोरणाखाली फारशा नाहीत. त्यांचा डाव पुढे, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रंगणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत. तिथे सरकारऐवजी सासू, नणंद आणि माहेरी न पाठवणारा नवरा सापडतो.

ट्रॅक्टर आल्यापासून तोरणाखालच्या जोड्या कमी झाल्या आहेत. झडत्या मात्र मोबाइलवर पोहोचल्या. आता त्या पोळ्याच्या आठवडाभर आधीच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात, आणि ज्याच्यावर रचलेल्या असतात तोही त्याच ग्रुपमध्ये असतो.