साथीचा रोग आणि दंतवैद्य

दात ठणकू लागला की आपण दंतवैद्याकडे धाव घेतो. परंतु आपल्यापासून त्याला काय भय आहे, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. २०२० साली कोविडची साथ आली आणि हा विचार करणे सर्वांनाच भाग पडले. ट्रस्टच्या या महोत्सवी अंकात तोच विषय आम्ही थोडक्यात मांडीत आहोत.

साथीच्या काळात इतरांना अंतर राखता येते, तोंड झाकता येते. दंतवैद्याच्या रोग्याला मात्र तोंड उघडेच ठेवावे लागते, आणि वैद्य व त्याचा मदतनीस त्या तोंडापासून हातभर अंतरावर वाकून काम करीत असतात. दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्यावर पाणी सोडावे लागते, आणि त्या पाण्याचे व लाळेचे तुषार चहूकडे उडतात. वर्गात फळा पुसताना खडूची जाड पूड खाली पडते, पण बारीक धूळ उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगताना दिसते. तुषारांचेही तसेच आहे. मोठे थेंब खाली बसतात. सूक्ष्म कण रोगी उठून गेल्यावरही हवेत राहतात. शिवाय ताप किंवा खोकला नसलेल्या माणसाच्या लाळेतही हा विषाणू असू शकतो. म्हणजे चेहरा पाहून ओळखण्याची सोय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. इंग्लंडमध्ये त्याच महिन्यात नेहमीची दंतचिकित्सा बंद झाली, ती ८ जूनला पुन्हा सुरू झाली. त्या सुमारास तेथील मिडलंड्स भागात दंतचिकित्सेतील १,५०७ जणांचे रक्त तपासले गेले. शेकडा १६.३ जणांना संसर्ग होऊन गेल्याची खूण आढळली. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ५.९ होते. विशेष म्हणजे, रोग्यांशी प्रत्यक्ष संबंध न येणाऱ्या स्वागत-कारकुनांत ते ६.३ च होते. भय कोठे होते, हे यावरून उघड होते.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेतील २,१९५ दंतवैद्यांची पाहणी झाली. त्यात खात्रीने किंवा बहुधा बाधा झालेले शेकडा एकाहूनही कमी निघाले. ही पाहणी प्रश्नोत्तरांची होती, रक्ततपासणीची नव्हे. म्हणून दोन्ही आकडे एका तराजूत तोलता येणार नाहीत. पण त्या दंतवैद्यांपैकी जवळजवळ सर्वांनी वाढीव खबरदारी घेतली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे ओहायो येथील संशोधकांनी २८ रोग्यांवरील उपचारांत उडालेले तुषार तपासले. त्यातील बहुतेक जंतू यंत्राच्या पाण्यातून आलेले होते. लाळेचा वाटा अगदी अल्प होता.

मग खबरदारी म्हणजे काय? घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी, डोळ्यांवर पारदर्शक ढाल, उपचारापूर्वी रोग्याची विचारपूस, दाताभोवती ताणलेला रबरी पडदा, तुषार उडताक्षणी ओढून घेणारी जोरदार नळी, उघड्या खिडक्या, आणि दोन रोग्यांमध्ये हवा स्वच्छ होण्यापुरता अवधी. १६ जानेवारी २०२१ पासून भारतात लसीकरण सुरू झाले, तेही आरोग्यसेवकांपासून. ही रीत नवी नव्हे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीने पूर्वी दंतवैद्यांना अधिक गाठले होते; त्यावरील लस आणि हातमोजे १९८० नंतरच्या दशकात रूढ झाले व तो धोका पुष्कळ ओसरला.

वाचकहो, यात आपलाही वाटा आहे. ताप किंवा खोकला असेल तर तो लपवू नये; आधी फोन करून कळवावे. वैद्याने चार प्रश्न विचारले तर तो अपमान समजू नये, आणि बाहेर थांबावे लागले तर त्रागा करू नये. उलट, भीतीपोटी किडका दात महिनोन्महिने तसाच ठेवणे हेही शहाणपण नव्हे. किडीचा पुढे गळू होतो. वैद्याजवळ मदतनीस असतात, खोली झाडणारी बाई असते, आणि त्या सर्वांच्या घरी मुले-माणसे असतात. आपले एक खरे उत्तर त्या घरांचेही रक्षण करते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.