भूमिगत कोळसा खाण : भूस्तरांची रचना व परवान्याचे नूतनीकरण

नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्राचे पाच संच १९७० ते १९८१ या काळात उभे राहिले. त्यांना लागणारा दगडी कोळसा विदर्भातील खाणींतून आगगाडीने आणला गेला. ‘आपल्या जमिनीत कोळसा का नाही?’ असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी सहज विचारील. त्याचे उत्तर भूस्तरांच्या रचनेत आहे. खाणीची परवानगी एकदा मिळाली तरी ती मुदतीनंतर पुन्हा का घ्यावी लागते, याचे कारणही त्याच रचनेत सापडते.

नाशिक जिल्ह्यात विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या व काळा पाषाण लागतो, हे मुलांनी पाहिलेले असते. हा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या तप्त रसापासून बनला. दगडी कोळसा हा मात्र वनस्पतींचा अवशेष होय. विदर्भातील कोळसा सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पती गाळाखाली दडपल्या जाऊन तयार झाला. तो काळ्या पाषाणात सापडावयाचा नाही. पाषाणाखाली तरी तो असेलच असेही नाही. किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर पाषाणाखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. कोळशाचे थर मध्ये नव्हते.

नागपूर जिल्ह्यातील कामठी कोळसाक्षेत्राची रचना निराळी आहे. तेथे बऱ्याच भागात वर कन्हान नदीचा गाळ, त्याखाली ‘कामठी’ वालुकाश्म आणि त्याहून खाली ‘बराकर’ नावाचे थर असतात. कोळसा या बराकर थरांत मिळतो. गावाचे नाव खडकाला मिळून ‘कामठी’ हा शब्द भूशास्त्रात रूढ झाला आहे.

कोळसा खोल असला की वरची जमीन न उकरता बोगद्यांनी आत उतरावे लागते. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच जाड खांब राखतात. पुढे हे खांबही काढावयाचे ठरले तर वरचा खडक खचतो व भूपृष्ठ खाली बसते. शिवाय वरचा गाळ व सच्छिद्र वालुकाश्म पाणी धरून ठेवतात. ते पाणी किंवा जुन्या खणकामात साचलेले पाणी आत शिरले, तर पळावयास वाट राहत नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये सिलेवाडा खाणीत पाणी शिरून दहा कामगार मृत्यू पावले; पुढच्याच महिन्यात झरिया क्षेत्रातील चासनाला येथे ३७५ कामगार बुडाले.

खाण रोज पुढे सरकते. म्हणून परवान्याच्या दिवशी तपासलेला खडक आणि आज छत म्हणून उभा असलेला खडक एकच नसतो. यास्तव परवानग्या अनेक व मुदतीच्या असतात. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी २०२५ पर्यंत १९५२ चा खाण कायदा होता; खांब काढण्यापूर्वी खाण सुरक्षा महासंचालनालयाची वेगळी अनुज्ञा लागते. खाणीतून उपसलेले पाणी व धूळ यांबाबत १९७४ चा जल व १९८१ चा वायु प्रदूषण कायदा लागू असून, त्यांखालील संमतिपत्र राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. त्याला मुदत असल्यास ती संपली की नूतनीकरण करावे लागते. पूर्वीच्या अटी पाळल्या काय, याची पाहणी त्या वेळी होते. नूतनीकरण ही केवळ शुल्क भरून शिक्का घेण्याची बाब समजणे चुकीचे होय.

नवी खाण काढताना किंवा जुनी वाढविताना २००६ च्या अधिसूचनेनुसार साधारणतः जनसुनावणी होते. तिची सूचना निदान तीस दिवस आधी द्यावयाची असते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत करावयाचा असतो. अहवालाची प्रत जेथे ठेवावयाची त्या कार्यालयांत जिल्हा परिषदेचाही समावेश आहे.

वर्गात हा पाठ देताना काचेच्या पेल्यात लाकडी कोळशाची पूड, त्यावर वाळू व वर माती असे थर रचावेत. बाजूने पाणी सोडून ते कोठवर झिरपते, हे मुलांना पाहू द्यावे. आपल्या विहिरीचे थर सांगू शकणारा विद्यार्थी पुढे जनसुनावणीत उभा राहिला, तर ‘माझ्या घराखाली कोणता खडक आहे व तो किती भार पेलील?’ हा प्रश्न तो नेमका विचारील.