कुत्र्याचें रक्त साकळतें कीं नाहीं?

पावसाळा लागला कीं शेतांतून घोणस फिरूं लागते आणि राखणीचें कुत्रें तिच्या तोंडीं सांपडतें. आमच्या वर्गांतील एका मुलाचें कुत्रें असेंच तोंड सुजून घरीं आलें. हिरड्यांतून रक्त झिरपत होतें. घरच्यांनीं चाव्यावर हळद दाबली. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत हळदीला तोटा नाहीं! परंतु शरीराच्या आंत चाललेला स्राव हळदीनें थांबत नाहीं. पशुवैद्यांनीं प्रथम हेंच पाहिलें कीं, याचें रक्त साकळतें काय?

रक्तवाहिनी फुटली म्हणजे रक्तांतील बिंबिका त्या छिद्रावर जमून तात्पुरतें बूच बसवितात. मग रक्तद्रवांतील कित्येक घटक, जे बहुतेक यकृतांत तयार होतात, एकामागून एक जागे होतात व शेवटीं फायब्रिनचे तंतू विणून तें बूच पक्कें करितात. उत्पन्नकर्त्यानें केलेली ही तजवीज माणसांत व कुत्र्यांत बहुतांशीं सारखीच आहे. घोणशीचें विष या घटकांना वाहत्या रक्तांतच जागें करून खर्ची घालतें, आणि खऱ्या जखमेसाठीं कांहीं उरत नाहीं.

परीक्षा फार साधी आहे. शिरेंतून काढलेलें सुमारें 2 मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या कांचेच्या नळींत घालून 20 मिनिटें न हलवितां ठेवितात. मग नळी एकदां कलती करितात. रक्त पाण्यासारखें वाहिलें तर विषाचा अंमल चढला असें समजावें. येथें कांच म्हणजे नुसतें भांडें नव्हे. तिच्या स्पर्शानेंच साकळण्यास आरंभ होतो. म्हणून नळी प्लॅस्टिकची किंवा साबणानें धुतलेली असल्यास निरोगी रक्तहि पातळ राहून फसगत होते. विद्यार्थ्यांनीं मात्र हा प्रयोग घरीं करूं नये.

उंदरांच्या विषाची तऱ्हा निराळी. 1920 नंतर अमेरिका व कॅनडा येथें सडकें क्लोव्हर गवत खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनें त्यांतील द्रव्य शोधिलें, व त्याच शोधांतून पुढें 1948 सालीं वॉरफरिन हें उंदीरनाशक बाजारांत आलें. अशीं विषें ‘के’ जीवनसत्त्वाचें कार्य अडवितात. जुने घटक संपेपर्यंत कुत्रें दोनतीन दिवस ठणठणीत दिसतें, आणि घरचे लोक निर्धास्त राहतात! सातवा घटक सर्वांआधीं संपतो, म्हणून तो मोजणारी प्रोथ्रॉम्बिन-काल ही तपासणी स्राव दिसण्यापूर्वींच इशारा देते. तिच्यासाठीं 9 भाग रक्तांत 1 भाग सायट्रेटचें द्रावण घालितात. सायट्रेट रक्तांतील कॅल्शियम बांधून ठेवितें, व प्रयोगशाळेंत तें पुन्हां घालीपर्यंत रक्त साकळत नाहीं. विषाचें पाकीट सांपडल्यास पालकांनीं तें वैद्यांकडे अवश्य न्यावें. गोचिडांपासून होणाऱ्या तापांत बिंबिकाच घटतात. तेथें त्यांची मोजणी करावी लागते.

त्या मुलाच्या कुत्र्याचें रक्त पातळच राहिलें. घोड्याच्या रक्तापासून केलेली सर्पविषाची लस शिरेंतून दिली, आणि सहा तासांनीं पुन्हां नळी भरली. या वेळीं ती कलती केली तेव्हां गोठलेला गोळा जागचा हलला नाहीं.