तिरंदाज कुठे गेले? धारूर ते राक्षसभुवन

बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने 1567च्या सुमारास उभारला, तो निजामशाहीच्या उरावर बसण्यासाठीच. दोनेक वर्षांत मुर्तझा निजामशाह त्यावर चालून आला. इतिहासकार फिरिश्त्याने या हल्ल्याची हकिगत दिली आहे. तटावरून तोफा-बंदुकांचा मारा चालला होता, निजामशाह स्वतः त्या माऱ्यात पुढे सरकत होता आणि एकाएकी तटावरची आग थांबली. आत शिरलेल्यांना किल्ला रिकामा आढळला. किश्वरखान तीर लागून ठार झाला होता आणि शिबंदीने पळ काढला होता. तालिकोटची लढाई होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. मलिक-ए-मैदान ही अवाढव्य तोफ तर 1549मध्येच अहमदनगरात ओतली गेली होती. दख्खनमध्ये दारूगोळा असा पुरता रुळलेला असताना धारूरचा निकाल एका तिराने लावला. बंदूक आली आणि धनुष्य गेले, हे आपण शाळेपासून गृहीत धरलेले समीकरण इथेच अडखळते.

बंदुकीची गोळी चिलखत फोडते, तीर फोडत नाही, म्हणून तीर हरला, असे सांगितले जाते. यात तथ्य नाही असे नाही. पण तेवढ्याने भागत नाही. सतराव्या शतकात मोगल दरबारी राहिलेला फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो, की बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार तिरंदाज सहा तीर सोडतो. तोडेदार बंदुकीत दारू ठासायची, गोळी घालायची, कानात रंजक भरायची, जळता तोडा सांभाळायचा. एवढ्या खटाटोपात समोरचा स्वार अंगावर येऊन ठेपे. केवळ मारक शक्तीवर निकाल लागायचा असता, तर तो सोळाव्या शतकातच लागला असता. प्रत्यक्षात दोन्ही शस्त्रे पुढे शे-दीडशे वर्षे एकाच फौजेत नांदली.

माझ्या मते धनुष्य हरले ते माणसांच्या बाबतीत. मोगली धाटणीचे धनुष्य म्हणजे लाकडाचा गाभा, आतून शिंगाच्या पट्ट्या, बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळे सरसाने जोडलेले. ते सुकून कामाला येईपर्यंत महिने जात. त्याहून अवघड होते ते ओढणारा हात घडवणे. धावत्या घोड्यावरून नेमका तीर मारणारा माणूस लहानपणापासून तयार व्हावा लागे, आणि तो मेला की त्याची जागा एका हंगामात भरता येत नसे. बंदूक मात्र कुणब्याच्या पोराला काही आठवड्यांत शिकवता येई. इंग्लंडमध्ये धनुर्विद्येचा सराव कायद्याने बंधनकारक होता, तरी तो ओसरत गेला आणि 1595मध्ये प्रिव्ही कौन्सिलने लष्करी भरतीत धनुर्धर गणणेच थांबवले. कोणी पावसाळ्याकडे बोट दाखवील, की दमट हवेत सरस सुटतो आणि धनुष्य ढिले पडते. पण पावसात तोडाही विझतो आणि दारूही सादळते. मोसमी पावसाने दोघांचेही हाल केले. त्यात कोणा एकाचा विजय शोधण्यात अर्थ नाही.

शिवकाळात ही वाटचाल स्पष्ट दिसते. ग्रँट डफने शिवाजी महाराजांच्या पायदळाविषयी नोंदवले आहे, की दर दहा माणसांत एकाकडे बंदुकीऐवजी तीरकमठा असे आणि तो रात्रीच्या छाप्यांत, बंदूक वाजवायची नसेल तेव्हा, उपयोगी पडे. ही नोंद मला फार मोलाची वाटते. धनुष्याला फौजेतून हाकलले नव्हते, पण दहांपैकी नऊ हात बंदुकीकडे गेले होते आणि तिराकडे उरले होते गुपचूप करायचे काम. 1665च्या पुरंदरच्या वेढ्यात हीच विभागणी दुसऱ्या रूपात भेटते. बखरकार सभासद सांगतो, की किल्ला लढवणाऱ्या मुरारबाजी देशपांड्यांना मोगल सरदार दिलेरखानाने स्वतःच्या हाताने तीर मारून पाडले. मात्र त्याआधी जयसिंगाने जड तोफा डोंगरावर चढवून वज्रगड पाडला होता, आणि पुरंदरची कोंडी झाली ती त्यामुळे. एका वीराला टिपणे तिराला अजून जमत होते. तट फोडणे त्याला कधीच जमले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, अठराव्या शतकातल्या कागदांत बाण जागोजागी आहेत. आहेत खरे. पण त्या काळच्या लष्करी मजकुरात बाण म्हणजे पुष्कळदा दारू भरून सोडायचा अग्निबाण असतो, आणि तो धनुष्याचा नव्हे, तोफखान्याचा सोयरा. ही दक्षता न घेता नोंदी मोजल्या, तर तिरंदाजीचे आयुष्य विनाकारण शंभर वर्षांनी वाढते. खरे तर तोवर फौजांचा भर कवायती बंदुकीकडे वळला होता. 1760मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या उदगीरच्या लढाईत निजामाच्या बाजूला त्याचा जुना सरदार इब्राहिमखान गारदी नव्हता. तो मराठ्यांकडे आला होता, आणि त्याचे कवायती पायदळ व तोफा हा दोन्ही दरबारांच्या हव्यासाचा विषय होता. ही कवायत निजामाच्या राज्यात फ्रेंच सेनानी बुसीने रुजवली. चकमकीची बंदूक, तिला लावलेली संगीन आणि एका हुकमावर सुटणारा बार जमून आल्यावर तिराचा वेग हा शेवटचा फायदाही संपला. 10 ऑगस्ट 1763 रोजी बीड जिल्ह्यातच, गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवले आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. धारूरपासून फार लांब नसलेल्या या रणात तिरंदाजाला हिशेबात धरण्याचे कारण कोणत्याच सेनापतीला उरले नव्हते. 1795 साली शेजारच्या खर्ड्याला निजामाकडून फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणी उतरल्या, तेव्हा तर चर्चा होती ती कोणाच्या पलटणी अधिक कसलेल्या, याचीच.

माझ्या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप खानदेशातून येतो. भिल्लांचा तीरकमठा एकोणिसाव्या शतकातही लढत होता. एप्रिल 1858मध्ये अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांनी इंग्रज फौजेशी झुंज घेतली, तेव्हा त्यांच्याकडे बंदुकांबरोबर तीरही होते. पण हे उदाहरण नीट पाहिले तर माझ्याच बाजूचे आहे. भिल्लांचे धनुष्य बांबूचे, रानातच मिळणारे, आणि शिकारीमुळे तिथला पोरगा जाणता होईतो तिरंदाज झालेलाच असे. त्याला घडवायला कोणा सरकारला खजिना रिकामा करावा लागत नव्हता. फौज म्हणून माणसे पगारावर गोळा करायची वेळ आली, तेव्हा त्याच खानदेशात 1825मध्ये इंग्रज अधिकारी उटरमने भिल्ल पलटण उभी केली, आणि तिच्या शिपायांच्या हाती सरकारने बंदुका दिल्या.