काळ्या मातीवरचा समुद्र

खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीचा विषय निघाला की मंडळी आधी दिव्यांवर घसरतात, मग माशांवर. शिरूर-दौंड पट्ट्यात हा नाद ज्यांनी जिवापाड जपला त्यांच्यातला मी एक, आणि माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे: आपल्याकडे टाकी जमिनीपासून बांधायला घ्यावी लागते. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी टाकी धरा. तीत साधारण 680 लिटर पाणी मावतं. 12 मिलिमीटरच्या काचेचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास, वर खडक, वाळू, संप म्हणजे खालची गाळणीची टाकी, आणि स्टँड. गोळाबेरीज टनावर जाते आणि हा सगळा भार बारा चौरस फुटांवर येतो. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरतात. आपली टाकी त्याच्या चौपटीच्या वर जाते. म्हणून माडीवर टाकी हवी असेल तर ती भिंतीलगत, बीमच्या डोक्यावर हवी, आणि तीही इंजिनिअरनं प्लॅन पाहिल्यानंतरच.

तळमजल्यावर काळजी नाही, असं पुण्यातले काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. त्यांनी भीमाकाठची काळी माती पाहिलेली नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल अशा भेगा टाकते. तिच्यावर नुसती भर घालून बसवलेली फरशी दोन उन्हाळ्यांत एका बाजूनं उचलली जाते. कपाट तेवढं सोसतं. सहा फुटी काचेचा सांधा सोसत नाही. टाकीची जागा आधी ठरवावी, तेवढ्या भागातली काळी माती मुरूम लागेपर्यंत काढावी, मुरूम थराथरानं पाणी मारून धुम्मस करावा, दगडी सोलिंग आणि त्यावर काँक्रीट घ्यावं. घर बांधताना हे काम दोन दिवसांचं आहे. नंतर करायचं म्हटलं तर फरशी फोडावी लागते आणि घरातल्यांचे चेहरे बघवत नाहीत.

या छंदाचा जागतिक इतिहास भरभर उरकतो. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतं हे लिहून दाखवलं. पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीनं कॅल्शियम टिकवलं. बर्लिनच्या हौशी मंडळींनी खडक आणि प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ही जोडी रूढ केली. जॉर्ज स्मिट यांच्या 1986 मधल्या लेखांनी अमेरिकेत लाट आणली. मधली ट्रिकल फिल्टरची, म्हणजे गाळणीवरून पाणी ठिबकवत नेण्याची वर्षं मला कधीच रुचली नाहीत. आजही जी टाकी टिकते ती बहुधा बर्लिनच्याच वाटेनं टिकते.

आम्हाला ही गोडी लागली ती मात्र मुंबईत, मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं. दौंडहून गाडीनं जायचं, राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि शेवटी मत्स्यालय, असा शाळेच्या सहलीचा ठरलेला क्रम असे. त्या अंधाऱ्या दालनात हिरवट उजेडात फिरणारा मासा पाहिलेला मुलगा घरी येऊन बरणीत गप्पी सोडायचाच. 2015 मध्ये नूतनीकरण झालं, ॲक्रिलिकचा बोगदा आला, आणि नंतर ते बंदच पडलं. आजच्या मुलाला समुद्राचा जिवंत मासा दिसतो तो मोबाइलच्या पडद्यावर, आणि टाकीसुद्धा तो पडद्यावर बघूनच मागवतो.

आता स्टँड. यावर माझं अनेकांशी वाजलेलं आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा सांगाडा करून घ्यायचा, त्याला प्लायवूड चिकटवायचं आणि वर सनमायका, ही हल्लीची रीत. खाऱ्या पाण्याचा तुषार वेल्डिंगच्या सांध्यात शिरतो, रेड ऑक्साइडखालून गंज फुगत येतो, आणि प्लाय तर दुसऱ्या पावसाळ्यातच पापुद्रे सोडतं. माझा आग्रह वीटकामाचा आहे. दोन टोकांना आणि मध्ये एक अशा नऊ इंची तीन भिंती, अडीच फूट उंच, त्यावर चार इंची आरसीसी स्लॅब, आतून-बाहेरून गिलावा आणि एपॉक्सी रंग. रंग टाळला तर भिंतीला खार फुटतो. संप आतून अडकू नये म्हणून भिंती उभारण्याआधी संपाचं माप हातात हवं. दोन भिंतींमधून तो सरळ बाहेर ओढता आला पाहिजे. स्लॅबला निदान पंधरा दिवस पाणी मारावं आणि महिनाभर त्यावर काही चढवू नये. वीटकाम जुनाट दिसतं, असं म्हणणाऱ्यांनी दर्शनी बाजूला हवी ती फळी लावावी.

लेव्हल काढायला आपल्या गवंड्याकडची पारदर्शक नळी पुरते. नळीत पाणी भरायचं, अंगठ्यानं तोंड दाबून दोन्ही टोकं दोन कोपऱ्यांवर धरायची, बुडबुडा अडकलेला नाही हे पाहायचं आणि अंगठे सोडायचे. पाणी डुलतं, मग थांबतं. पेन्सिलनं खूण करायची आणि तिरप्या कोपऱ्यांवर तेच पुन्हा. सहा फुटांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मी गवंड्याला स्लॅबवर पुन्हा हात फिरवायला लावतो. काच थेट स्लॅबवर ठेवत नाहीत, खाली अर्धा इंच थर्माकोल हवाच.

पाण्याचं दुखणं दोन्ही तालुक्यांत एकसारखं आहे. बोअरचं पाणी जड, आणि उसाच्या पट्ट्यात खतांचं नायट्रेट त्यात उतरलेलं. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणल्याशिवाय मीठ मिसळू नये. किराणा दुकानातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं सारं ठरल्या प्रमाणात असतं. लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास क्षारता, कॅल्शियम 420 पीपीएम, मॅग्नेशियम 1300 पीपीएम आणि अल्कलिनिटी 8 डीकेएच, एवढं धरून ठेवा. अलिबागहून कॅनमध्ये पाणी आणणारे हौशी आहेत. पावसाळ्यात त्या पाण्यात नद्या उतरलेल्या असतात हे ते विसरतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकीला हवेत 25-26 अंश. चिलर घेणं सगळ्यांना परवडत नाही, आणि दर वेळी तो लागतही नाही. आपली कोरडी हवा इथे कामी येते. पृष्ठभागावर पंखा लावला की टाकी माठासारखी थंड होते: एक लिटर पाणी उडालं की 680 लिटरचं तापमान जवळजवळ एक अंशानं उतरतं. कोकणात हे जमणार नाही, तिथली हवाच ओली. मात्र उडतं ते गोडं पाणी, क्षार मागे राहतो. म्हणून तूट आरओच्या पाण्यानं आपोआप भरणारी फ्लोट व्हॉल्व्हची सोय हवी. आणि वीज गेली तरी चालेल असा बॅटरीवरचा हवापंप हवा. शिरूरच्या वाड्या-वस्त्यांवर हे मुद्दाम सांगावं लागत नाही.

खडक रचताना मी लोकांना कुकडीवर नेतो. निघोज आणि टाकळी हाजीच्या मध्ये नदीनं बेसॉल्टमध्ये जे रांजणखळगे कोरलेत, ते उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर नीट पाहावेत. भोवरा कुठे फिरला आणि गाळ कुठे बसला हे डोळ्यांना कळतं. टाकीतही तेच. खडक मागच्या काचेला टेकवून भिंत रचली की मागे घाण साचते आणि नायट्रेट चढतं. चारही बाजूंनी पाणी फिरेल असे दोन सुटे ढीग रचावेत. खडक मात्र बेसॉल्टचा नको, सच्छिद्र चुनखडीचा किंवा सिमेंट-शिंपल्यांतून घडवलेला घ्यावा, आणि महिना-दीड महिना मासा न सोडता पिकवावा.

प्रवाळाबद्दल मी कडवा आहे. 2001 पासून रीफ घडवणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. तिथेच वाघ आहे. तरी पिशवीत घालून रातोरात पोचवणारे भेटतात, आणि मोठ्या टाक्यांचे मालक अभिमानानं फोटो दाखवतात. ते प्रवाळ कुठल्या तरी किनाऱ्यावरून छिन्नीनं उचकटलेलं असतं. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती कमरेएवढ्या पाण्यात प्रवाळ दिसतं. विजयदुर्गसमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे. आपल्याच दारात हे धन असताना ते बाजारात विकलं जाणं मला सहन होत नाही. घरच्या टाकीत खडक, शैवाल आणि हॅचरीत वाढलेले मासे ठेवावेत. क्लाउनफिश, म्हणजे मुलांचा नीमो, आपल्या देशात बंदिस्त टाक्यांत पैदा होऊ लागून बराच काळ झाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र बसवलं आहे. असा मासा टाकीत जन्मलेला असतो, गोळीचं खाद्य खातो आणि जोडी जमली की मादी खडकावर अंडी घालते आणि नर त्यांना पंखांनी वारा घालत बसतो. हे पाहिल्यावर छिन्नीनं तोडलेल्या प्रवाळाची हौस राहत नाही.

एक गोष्ट कुणीच लिहीत नाही: बदललेलं खारं पाणी टाकायचं कुठे? पंधरवड्याला साठ-पासष्ट लिटर निघतं. कालव्याखालच्या जमिनी आधीच खारपड होत चालल्या आहेत. ते पाणी मोरीतून परसात किंवा उसाच्या सरीत सोडणं पाप आहे. माझ्याकडे परसात चार बाय चार फुटांचा, फूटभर खोल सिमेंटचा उघडा हौद आहे, आतून एपॉक्सी लावलेला. उन्हाळ्यात पाणी आटतं, तळाला मिठाची पापडी उरते, ती खरवडून पोत्यात भरून ठेवतो. पावसाळ्यात हौदावर पत्रा टाकतो आणि पाणी बॅरलमध्ये साठवून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघतो. हौदाला गवंड्याचे जेवढे पैसे पडतात तेवढे टाकीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावेत.