अंतर्लिखित कोनाचा तास, जिओजेब्रा घेऊन

दहावीच्या भूमितीत अंतर्लिखित कोनाचे प्रमेय आले की बरीच मुले ते नुसते पाठ करतात. आकृती हलताना दिसली तर पाठांतराची गरज पुष्कळ कमी होते. त्यासाठी जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली त्याचे काम सुरू केले. संगणकावर एकदा उतरवून घेतले की तासाला इंटरनेट लागत नाही. एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पुरे.

आकृती आदल्या दिवशीच काढून ठेवावी. ओ केंद्र घेऊन ए बिंदूतून जाणारे वर्तुळ काढा. मग ‘दिलेल्या मापाचा कोन’ हे साधन घेऊन ए, ओ असे क्लिक करा, माप ८० अंश द्या; मिळालेल्या बिंदूला बी नाव द्या. हा झाला केंद्रीय कोन, म्हणजे केंद्रापाशी होणारा.

आता मोठ्या कंसावर पी बिंदू घ्या. सर्वांत जास्त चूक इथे होते. क्लिक जरा बाजूला पडले तर पी वर्तुळाला चिकटत नाही आणि भर वर्गात भलतीकडे सरकतो. म्हणून लगेच ओढून बघा.

पी हा ए आणि बी यांना जोडून ए, पी, बी या क्रमाने कोन मोजा. ४० अंश दिसायला हवेत. हाच अंतर्लिखित कोन, शिरोबिंदू वर्तुळावर असलेला. क्रम उलटा झाला तर ३२० दिसतात, कारण मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने होते. कोनाच्या गुणधर्मांत ‘० ते १८०’ आधीच निवडून ठेवा, म्हणजे अडचण मिटते. अक्षरे मोठी करा आणि शेवटच्या बाकावर बसून वाचता येतात का, ते स्वतः पाहा.

तासाला माप आधी झाकून ठेवावे. “पी सरकवला तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील?” प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. मग माऊस मुलांच्या हाती द्यावा. शिक्षकच माऊस धरून बसले तर तो सिनेमा होतो, आणि मुले तो बघून विसरतात.

पी मोठ्या कंसावर कुठेही नेला तरी ४०च. लहान कंसावर जाताच एकदम १४०! “सर, ८०चे निम्मे १४० कसे?” हा प्रश्न येईपर्यंत थांबावे, उत्तर देण्याची घाई करू नये. कोनाच्या आतला कंस आता कोणता, एवढेच विचारा. ३६० वजा ८०, म्हणजे २८० अंशांचा विशालकंस. त्याचे निम्मे १४०. हे मुलांच्या तोंडून आले की प्रमेयातला ‘अंतर्खंडित कंस’ त्यांना खरा कळला असे समजावे.

यानंतर प्रोजेक्टर बंद करून फळ्याकडे वळा. शंभर ठिकाणी ४० दिसले तरी ती सिद्धता नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे. पी पुन्हा मोठ्या कंसावर, ओ कोनाच्या आत राहील असा घ्या. पी-ओ जोडून रेषा पुढे वाढवा: त्रिज्या समान म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण मिळतात, आणि प्रत्येकाचा केंद्रापाशी होणारा बाह्यकोन पीपाशी असलेल्या कोनाच्या दुप्पट. दोन्हींची बेरीज केली की झाले.

पी एका बाजूला इतका सरकवला की ओ कोनाच्या बाहेर पडतो, तेव्हा मात्र बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते. ती सिद्धता घरी करायला द्यावी.