शेजारच्या सीटवरचं गणित

भाच्याच्या गाडीचे टायर झिजलेत हे मला टायरकडे बघून कळलं नाही. हिशेब जुळेना म्हणून कळलं. रॅलीचा पहिला टप्पा मीटर ताडून बघण्यासाठी असतो. आयोजकांच्या रोडबुकात लिहिलं होतं, सुरुवातीच्या रेघेपासून खुणेच्या दगडापर्यंत ९.६० किलोमीटर. दगडापाशी आलो तेव्हा आमचा ट्रिप मीटर म्हणाला, ९.८.

"दोनशे मीटरनं काय होतंय, मावशी?"

बँकेत बत्तीस वर्षं कॅश सांभाळलेल्या बाईला हे विचारायचं नसतं. चाळीसच्या सरासरीनं शंभर मीटरला नऊ सेकंद, दोनशेला अठरा. आणि फरक तिथंच राहत नाही, सावकाराच्या व्याजासारखा वाढतो. रस्ता ४८ किलोमीटर झाला की आमचा मीटर ४९ दाखवणार, म्हणजे दीड मिनिटाची खोट. चाकाची त्रिज्या साधारण तीस सेंटिमीटर धरा. नक्षी सहा मिलिमीटर झिजली की घेर दोन टक्क्यांनी घटतो. तेवढ्याच रस्त्यासाठी चाक जास्त फेरे घेतं, आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. मी पॅडवर वर लाल पेनानं लिहून ठेवलं: ४८ ला ४९. भाच्याला म्हटलं, घरी गेल्यावर टायर बदल, आज मात्र हेच राहू देत, आता यांची सवय झाली.

मोटारींची शर्यत म्हटली की लोकांना धूर, किंचाळणारी चाकं आणि शॅम्पेन आठवते. आमच्या खेळात जो जोरात जातो तो हरतो. नाव टाइम-स्पीड-डिस्टन्स, सगळे टीएसडी म्हणतात. रस्ता रोजचाच: एसटी, उसाच्या ट्रॉल्या, म्हशी सगळं चालू असतं. गाड्या एकेक मिनिटाच्या अंतरानं सोडतात. कुठून कुठवर किती सरासरी ठेवायची ते आयोजक सांगतात, पण वेळ तपासणारा मार्शल कुठल्या वळणामागे खुर्ची टाकून बसलाय ते सांगत नाहीत. त्याच्यासमोर ठरल्या सेकंदाला पोचायचं. आमच्या नियमात उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण दंड आणि लवकरच्या प्रत्येक सेकंदाला दोन. मार्शल दिसल्यावर गाडी थांबवून वेळ काढायची नाही. ज्याच्या खात्यावर दंड कमी तो पहिला. थोडक्यात, घाईला उशिराच्या दुप्पट शिक्षा देणारा हा जगातला एकमेव खेळ असावा, आणि म्हणून मला तो आवडतो.

गाडीत माणसं दोन. ड्रायव्हर रस्ता बघतो. नॅव्हिगेटर कागद बघतो. माझ्या मांडीवर क्लिपबोर्ड, क्लिपला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल (घाटात सीटखाली गेलेली पेन्सिल संध्याकाळीच सापडते), गळ्यात स्टॉपवॉच, मनगटावर आयोजकांच्या घड्याळाशी सेकंदावर जुळवलेलं घड्याळ, आणि डॅशबोर्डवर आवळासुपारीची डबी. ही डबी शोभेची नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर मान खाली घालून बारीक अक्षर वाचत बसलं की पंधराव्या मिनिटाला पोटातलं पोहे-चहाचं सगळं राजकारण वर येतं.

रोडबुकात शब्द फार नसतात. प्रत्येक ओळीत अंतर आणि शेजारी एक छोटं चित्र: खाली टिंब, वर बाण. टिंब म्हणजे आपण येतोय ती बाजू, बाण म्हणजे जायची बाजू, बाकीचे फाटे नुसत्या रेघा. या चित्राला ट्यूलिप म्हणतात. फुलासारखं दिसतं म्हणून असेल असं मला बरेच दिवस वाटायचं, पण नाव आलंय नेदरलँड्समधल्या ट्यूलिप रॅलीवरून; ती १९४९ पासूनची. चित्रात गाव नसतं, देऊळ नसतं, चढ-उतार नसतो. तिठा आहे, डावा फाटा घ्या, संपलं. जगातला कुठलाही रस्ता एका टिंबात आणि एका बाणात बसवणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो.

माझं खरं भांडवल मात्र आजोबांचं. ते आम्हा नातवंडांकडून संध्याकाळी परवचा म्हणून घ्यायचे, आणि त्यात नुसते पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा. तेव्हा जिवावर यायचं. कॅल्क्युलेटर आल्यावर तर ते सगळं माळ्यावर गेलं असं वाटलं. पहिल्या रॅलीत भाच्यानं मोबाइलवर ॲप उघडून दिलं, आणि आयोजकांनी मोबाइल लखोट्यात घालून सील केला. त्या लखोट्याकडे बघताना एकाएकी लक्षात आलं: ताशी चाळीस म्हणजे किलोमीटरला दीड मिनिट. म्हणजे दिडकी! सात किलोमीटरला साडेदहा मिनिटं, नऊला साडेतेरा. ताशी ४८ असेल तर सवायकी. ताशी २४, घाटातली, म्हणजे अडीचकी. ताशी ३६ तर देवमाणूस, बरोबर शंभर सेकंदाला एक किलोमीटर, पाढाच नको. अडचण ४५ ची. तिथं किलोमीटरला एक मिनिट वीस सेकंद लागतात, आणि आजोबांच्या पाढ्यांत तिसऱ्या हिश्शाला जागाच नव्हती. आयोजक मुद्दाम ४५ देतात असा माझा संशय आहे.

बोलायचं कसं, हे मात्र शिकावं लागलं. "इथं वळ" म्हणून उपयोग नाही; ड्रायव्हरला वळण्याआधी कळायला हवं, पण फार आधी सांगितलं तर तो विसरतो. आमचं आता ठरलंय. दोनशे मीटर आधी "येतोय डावा", पन्नासवर "हाच", आणि वळून झाल्यावर "ट्रिप झिरो". मधल्या वेळात दर किलोमीटरला फक्त एक आकडा: "अधिक चार" म्हणजे चार सेकंद लवकर, "उणे सहा" म्हणजे उशीर. तो उत्तर देत नाही, पाय हलवतो. मी जास्त बोलले की तो चिडतो आणि गप्प बसले की घाबरतो. नवरा-बायकोच्या जोड्या या खेळात का टिकत नाहीत ते पहिल्याच चहाच्या थांब्यावर कळतं. एकीनं नवऱ्याच्या हातात रोडबुक दिलं आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

या शेजारच्या सीटवरच्या मंडळींमध्ये माझं दैवत डेनिस जेंकिन्सन. दाढीवाला, लहानखुरा इंग्रज पत्रकार. १९४९ साली साइडकार मोटरसायकलच्या विश्वविजेत्या जोडीत साइडकारमधला तोच होता, म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर जीव टाकायचा सराव आधीपासून. १ मे १९५५ ला तो स्टर्लिंग मॉसच्या शेजारी मर्सिडीज ३०० एसएलआरमध्ये बसला. इटलीतली मिल्ले मिल्या, हजार मैलांची, खुल्या रस्त्यांवरची शर्यत. गाडीवरचा आकडा ७२२, कारण सुटायची वेळ सकाळी ७ वाजून २२ मिनिटं. आधीच्या फेऱ्यांत या दोघांनी सगळा रस्ता टिपला होता: कुठलं वळण फसवं, कुठल्या चढापलीकडे रस्ता सरळ. त्या टिपणांची अठरा फूट लांब पट्टी जेंकिन्सननं एका डबीत दोन रुळांवर गुंडाळली, वर पारदर्शक काच. एक रूळ फिरवला की पुढचा रस्ता काचेखाली. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून हाताच्या पंधराएक खुणा ठरवलेल्या. चढापलीकडे काय आहे ते दिसत नसताना मॉस त्या हाताकडे बघून अडीचशेच्या पुढच्या वेगानं गाडी तशीच सोडायचा. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंदांत ते ब्रेशियाला परत आले, पहिले.

वाटेत जेंकिन्सनला एकदा ओकारी आली. बाहेर वाकला, वाऱ्यानं चष्मा उडवून नेला. खिशात दुसरा होता. मोठ्या माणसांची थोर वचनं लोक भिंतीवर लावतात. मी हा दुसरा चष्मा लक्षात ठेवलाय, आणि आवळासुपारीची दुसरी डबीही.

शेजारच्या सीटचं नशीब मात्र नेहमीच असं नसतं. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनचा माझ्या लहानपणाशी थोडा संबंध आहे, कारण त्या गाड्या जमिनीवरून मुंबईपर्यंत आल्या आणि इथूनच चुसान नावाच्या जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. घरात मोठी माणसं बरेच दिवस त्याबद्दल बोलायची. शेवटच्या दिवशी लुसियन बियांकी आणि ज्याँ-क्लोद ओजिए यांची सित्रोएन सगळ्यांच्या पुढे होती. सिडनी जवळ आलेलं. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारी. समोरून आलेली एक मिनी त्यांच्यावर आदळली आणि बियांकी जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क मदतीला थांबला. पहिला नंबर अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटरला गेला.

आमची दुर्घटना त्यामानानं विनोदीच. पुणे सोडून कापूरहोळला उजवीकडे, भोर, आणि पुढे मांढरदेवाच्या घाटानं वाई, असा त्या दिवशीचा मार्ग. भोरच्या पुढे धनगरांचा कळप रस्त्यावर आला. दोनशेक मेंढरं आणि दोन कुत्री. हॉर्न मारायची सोय नाही, मेंढरं उलटी गाडीखाली येतात. घड्याळ बघत बसलो. सुटलो तेव्हा उणे १६०. चाळीसच्या सरासरीला पन्नासनं गेलं तर किलोमीटरमागे अठरा सेकंद भरून निघतात, म्हणजे नऊ किलोमीटर लागणार. "नऊ किलोमीटर पन्नासवर धर," म्हटलं. आणि या हिशेबाच्या नादात एक ट्यूलिप माझ्या नजरेतून निसटलं.

आमच्या पुढे दोन गाड्या दिसत होत्या, त्यांच्यावर रॅलीचे स्टिकर. भाचा म्हणाला, तेही इकडंच चाललेत. पुढची गाडी दिसली की नॅव्हिगेटरचा निम्मा मेंदू बंद होतो, हे मला माहीत असूनही मी मान डोलावली. डांबर संपलं, मग खडी संपली, मग एका गोठ्यापाशी रस्ताच संपला. पारावर एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी आमचे स्टिकर बघितले आणि घाईनं काही बोलले नाहीत.

"आत्ताच पाच गाड्या गेल्या बघा वड्याकडं," तंबाखू तोंडात टाकून ते म्हणाले. "पुढं रस्ता न्हाई. येत्याल आता माघारी. तवर बसा, च्या घ्या."

खरोखर एकेक गाडी ओढ्याकडून उलटी येऊ लागली, प्रत्येकीत एक नॅव्हिगेटर मान खाली घालून कागद उलटसुलट करतोय. आम्ही चहा घेतला नाही. अजून वाईट वाटतं.

घाट चढून पलीकडे उतरायला लागलो तोवर माझी आकडेमोड जागेवर आली होती. दंड व्हायचा तेवढा होऊन गेलाय, पुढचा टप्पा नव्यानं, ताशी २४. अडीचकी. उतारावर गाडी आपसूक पळते, भाचा दुसऱ्या गिअरमध्ये धरून. "अधिक तीन. अधिक पाच. अरे हळू. अधिक आठ." दोन सेकंद काढायला आणखी हळू केली, आणि नेमकं तेव्हाच वळणाच्या आतल्या अंगाला वडाखाली खुर्ची, खुर्चीवर मार्शल, मार्शलच्या हातात आमची वाट बघणारं घड्याळ. अधिक सहा. दंड बारा. टाइम कार्ड खिडकीतून देताना तो मुलगा फार गोड हसला.

एकूण नंबर काय आला ते सांगत नाही. मधले कुठले तरी होतो. भाच्याला संध्याकाळी विचारलं, वरून वाईचं खोरं कसं दिसत होतं? तो म्हणाला, "भारी! तू बघितलं नाहीस?" मी कसं बघणार? मांढरदेवाच्या घाटातून मी तीनदा गेलेय आणि तिन्ही वेळा फक्त टिंबं आणि बाण बघितलेत.

म्हणून परवा एसटीनं गेले. काळूबाईचं दर्शन घेतलं, ओटी भरली, परतीला वाईच्या गाडीत खिडकीची सीट मिळवली, आणि पॅड घरी ठेवून आल्याचं समाधान मानत बाहेर बघत बसले. डोंगर उघडाबोडका, खाली हिरव्या पट्ट्या, ऊन तिरपं. दोन-तीन वळणं मजेत गेली. मग तो वड दिसला. खुर्ची नव्हती, नुसतीच सावली. माझी नजर आपोआप मनगटावर गेली. वरून निघाल्याची वेळ आठवली, अंतर आठवलं, अडीचकी म्हटली. लाल डबा ऐंशी सेकंद लवकर आला होता.

दंड एकशे साठ. कंडक्टरला सांगावंसं वाटलं, पण तो सुट्ट्या पैशांच्या हिशेबात होता.